गाडीची एकच चावी उरलीय? दुसरी आत्ताच करून घ्या

नवीन गाडीबरोबर दोन चाव्या मिळतात, एक वापरात राहते, दुसरी कपाटात जाते, आणि दोनतीन वर्षांत त्यातली एक कुठेतरी गायब होते. मग घरात ठरलेलं वाक्य, "आहे ना एक, बघू नंतर." खर्च वाढतो तो इथेच. एक चावी चालू असताना दुसरी करणं म्हणजे काही हजारांचं काम. दोन्ही गेल्या की टोइंग, लॉकसेट, कंट्रोल युनिट असं करत बिल कुठल्या कुठे जातं.

आधी आपली चावी कुठल्या प्रकारची आहे ते बघा. नाक्यावरचा चावीवाला दीडदोनशे रुपयांत जी साधी चावी कापून देतो ती दार उघडेल, स्विचमध्ये फिरेलही, पण गाडी चालू होणार नाही, किंवा झाली तरी दोन सेकंदांत बंद पडेल आणि मीटरवर चावीचं नाहीतर कुलपाचं चित्र लुकलुकत राहील. कारण चावीच्या प्लास्टिकमध्ये एक चिप असते आणि इग्निशनच्या भोवती तारेची रिंग असते, ती रिंग चिपचा कोड वाचते आणि कोड जुळला तरच इंजिन चालू राहतं. यालाच इमोबिलायझर म्हणतात, मारुतीच्या गाड्यांत आयकॅट्स नावाने येतं. या चिपला सेल लागत नाही, तिला करंट त्या रिंगमधूनच मिळतो. त्यामुळे रिमोटचा सेल संपला तरी चावीने दार उघडून गाडी चालू करता येते.

म्हणून रिमोट चालत नाही म्हणून लगेच नवीन चावीची ऑर्डर देऊ नका! आधी सेल बदला, बहुतेक चाव्यांत सीआर २०३२ किंवा तसलाच एखादा बटणासारखा सेल असतो, पन्नासशंभर रुपयांत मिळतो, नंबर जुन्या सेलवरच लिहिलेला असतो. पुश बटणवाली गाडी असेल तर फॉबच्या, म्हणजे तिच्या रिमोटसारख्या चावीच्या, पोटात लोखंडी पातं असतं, त्याने दार उघडा आणि फॉब स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबा. काही गाड्यांत टेकवायची जागा वेगळी असते, ती मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

कव्हर तुटलं असेल तर ऑनलाइन नुसतं कव्हर मिळतं आणि घरीच बदलता येतं, पण इथे लोक हमखास फसतात. रिमोटचं हिरवं सर्किट नवीन कव्हरमध्ये टाकतात आणि जुनं कव्हर कचऱ्यात. बऱ्याच चाव्यांत चिप त्या सर्किटवर नसतेच, नखाएवढा काळा चौकोनी तुकडा कव्हरच्या खाचेत वेगळा बसवलेला असतो. तो गेला की दार रिमोटने मस्त उघडतं आणि गाडी मात्र चालू होत नाही. जुनं कव्हर नीट चाचपून बघा, मगच फेका.

आता खरंच नवीन चावी करायची असेल तर दोन रस्ते. शोरूमला आरसी, आधार आणि गाडी, तिन्ही न्यावं लागतं, मालक स्वतः नसेल तर त्याचं पत्र पण मागतात. गाडी लागतेच, कारण कोडिंग, म्हणजे नवीन चिपची गाडीत नोंद, स्टेअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (गाडीचा कॉम्प्युटर तपासायच्या सॉकेटला) स्कॅनर लावून होतं. आणि घरातली उरलेली चावी बरोबर न्यायला विसरू नका, बऱ्याच गाड्यांत नवीन चावी टाकताना मेमरीतल्या सगळ्या चाव्या पुसून पुन्हा नोंदवाव्या लागतात, जी समोर नसेल ती बाद. एस्टिमेट लेखी घ्या आणि त्यात चावी, कटिंग, कोडिंगची लेबर आणि जीएसटी वेगळं लिहून घ्या, नाहीतर फोनवर सांगितलेला आकडा नुसत्या पार्टचा निघतो. मोघम सांगायचं तर साध्या चिपच्या चावीला तीनपाच हजार, रिमोटवालीला त्याहून जास्त, स्मार्ट कीला, म्हणजे पुश बटणवाल्या फॉबला, दहा हजारांच्या आसपास किंवा वर, आणि जर्मन गाड्यांचं तर विचारूच नका.

दुसरा रस्ता म्हणजे बाहेरचा कोडिंगवाला. बऱ्यापैकी स्वस्त पडतो, घरी येऊनही करतो, पण त्याला एक प्रश्न आधी विचारा, क्लोन करणार की नवीन चावी गाडीत नोंदवणार? क्लोन म्हणजे जुन्या चिपचा कोड जसाच्या तसा उतरवणं, गाडीला दोन्ही चाव्या एकच वाटतात. चालायला काही अडचण नाही, पण उद्या त्यातली एक चोरीला गेली तर तेवढीच डिलीट करता येत नाही, दोन्ही जातात. काम आपल्यासमोरच करून घ्या, गाडीची चावी देऊन घरी जाऊ नका, आणि गाडीची बॅटरी डाऊन असेल तर आधी ती चार्ज करा, कोडिंग अर्धवट राहिलं तर नसता ताप होतो.

दोन्ही चाव्या गेल्या असतील तर स्टेअरिंग लॉक असतं, त्यामुळे दोरी लावून ओढत न्यायचा प्रश्नच नाही, फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर चढवून नेणारा ट्रक, मागवा. पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स आहे का बघा, बऱ्याच जणांकडे असतं आणि माहीतच नसतं. नवीन गाडीबरोबर चावीच्या जुडग्याला नंबर कोरलेला छोटा टॅग येतो, तो असेल तर चावीचे दात कापणं सोपं होतं. त्याचा आजच फोटो काढून ठेवा, टॅग मात्र चावीला लटकवून फिरू नका.

इन्शुरन्सचं पण ऐका. गाडी चोरीला गेली तर क्लेमच्या वेळी कंपनी दोन्ही ओरिजिनल चाव्या मागते, एकच दिली की प्रश्नांची सरबत्ती सुरू. म्हणून चावी हरवली की त्याची नोंद हवी. नुसती हरवली असेल तर मुंबई पोलिसांच्या वेबसाइटवर लॉस्ट अँड फाउंडमध्ये ऑनलाइन तक्रार करता येते, चोरी असेल तर सरळ पोलीस स्टेशन. ती पावती आणि नवीन चावीचं बिल पॉलिसीच्या फाइलमध्येच ठेवा. चावीचा खर्च साध्या पॉलिसीत मिळत नाही, त्यासाठी "की रिप्लेसमेंट" नावाचं ॲड-ऑन, म्हणजे चावीसाठीचं जादा कव्हर, घेतलेलं असावं लागतं. पर्स चोरीला गेली आणि त्यात चावीबरोबर आरसी पण होती, म्हणजे पत्ता चोराकडे, अशा वेळी जुनी चावी मेमरीतून काढायला लावा. पण लक्षात घ्या, त्याने इंजिन चालू होणार नाही एवढंच, दार उघडतंच, ते बंद करायचं तर लॉक बदलावं लागतं.

सेकंडहँड गाडी घेताना एकच चावी मिळत असेल तर नवीन चावीचे पैसे किमतीतून कमी करून मागा, आणि स्कॅनरवर गाडीत किती चाव्या नोंदवलेल्या आहेत ते बघून घ्या. हातात दोन आणि स्क्रीनवर तीन दिसल्या तर तिसरी आधी डिलीट करायला लावा, मगच पैसे द्या.