टोपल्याचे चाळीस ग्रॅम: जाणूनबुजून चाललेलं पाप कसं थांबवावं

राहुरीकडच्या एका गावात माझं किराणा दुकान आहे. त्याच गावच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी पंच होतो, शब्बाथशाळेत मुलांना शिकवत होतो, पाळकसाहेब परगावी असले की उपासनाही चालवत होतो. आणि या सगळ्या काळात, अकरा वर्षं, मी मापात पाप करत होतो. लोक हे शब्द कशालाही वापरतात. माझ्या बाबतीत ते शब्दशः खरे होते.

इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकामं भांडं ठेवून टेअरचं बटण दाबलं की आकडा शून्यावर येतो आणि भांड्याचं वजन वजा होतं. माझं लाल प्लास्टिकचं टोपलं चाळीस ग्रॅमचं. मी ते पोत्यातून भरून थेट काट्यावर ठेवायचो, बटण न दाबता. किलोमागे चाळीस ग्रॅम माझे. गिऱ्हाइकाच्या बाजूला जो आकडा दिसतो, त्याच्यापुढे चॉकलेटची बरणी. वैधमापन खात्याचे निरीक्षक यायचे, काटा तपासायचे, शिक्का मारून जायचे. काटा खरा होता, शिक्काही खरा होता. चोरी टोपल्यात होती.

जो मंडळीत आहे, ज्याला वचन ठाऊक आहे आणि तरीही जो एखादी गोष्ट समजून-उमजून रोज करतो आहे, त्याच्यासाठी मी हे लिहितो आहे. ज्याचा पाय एकदा घसरला आणि जो रडत उठला, त्याला १ योहान १:९ पुरेसं आहे: पाप कबूल केलं तर देव क्षमा करतो. त्यानं इथं थांबून उगाच घाबरू नये.

घसरणं कुठलं आणि चालणं कुठलं

पहिली खूण म्हणजे सोय. रागाच्या भरात तोंडून शिवी जाते, तिच्यासाठी कुणी बरणी मांडून ठेवत नाही. तुमच्या पापासाठी आधीपासून काही मांडून ठेवलेलं आहे का ते पाहा: वेगळं सिमकार्ड, कुलपाचा कप्पा, ठरलेली वेळ, घरी सांगायचं ठरलेलं कारण. असेल, तर त्याला चूक म्हणू नका.

दुसरी खूण, तयार उत्तर. माझं असं होतं: घाऊकवाला पोत्यात मारतो, उधारी बुडते, मग दुकान चालवायचं कसं? कुणी विचारलेलं नसताना मी मनातल्या मनात हे उत्तर रोज देत होतो.

तिसरी खूण प्रार्थनेत सापडते. मी पहाटे उठून प्रार्थना करायचो. घरच्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, मंडळीसाठी, देशासाठी. दुकानाचं नाव मात्र अकरा वर्षांत एकदाही घेतलं नाही. ज्या खोलीचं दार तुम्ही प्रार्थनेत उघडत नाही, त्या खोलीत काय आहे ते तुम्हाला ठाऊक असतं.

चौथी खूण सर्वांत वाईट, आणि तिच्यामुळेच मी जागा झालो. एका घरसभेत नीतिसूत्रे ११:१ माझ्या वाट्याला आलं. खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट आहे, खरं वजन त्याला आवडतं, असं ते वचन. मी त्यावर अर्धा तास बोललो. अनुवाद या पुस्तकाच्या २५व्या अध्यायातली पिशवीतली लहान-मोठी वजनंही सांगितली. लोकांनी माना डोलावल्या, एका बाईंनी डोळे पुसले. घरी येऊन जेवलो, आडवा झालो, आणि अंधारात लक्षात आलं की मला काहीच झालं नव्हतं. भीती नाही, लाज नाही, छातीत साधी धडधडही नाही. सुरुवातीच्या वर्षांत प्रभुभोजनाची भाकर हातात घेताना माझा हात थरथरायचा. तो थरकाप कधी गेला ते मला सांगता येईना.

इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात (इब्री ३:१३) पापाच्या फसवणुकीनं कठीण होण्याबद्दल लिहिलं आहे. मला वाटायचं, कठीण होणं म्हणजे देवाला शिव्या देणं, उपासना सोडणं. तसं नसतं. माणूस पहिल्या बाकावर बसून, गीतं म्हणत, दशांश देत कठीण होतो. हातोडीचं काम करणाऱ्याच्या तळव्याला घट्टा पडतो तसं. आणि शिक्षा लगेच झाली नाही की माणसाचं मन दुष्टपणा करायला धजतं, हे उपदेशक ८:११ मध्ये आहेच. माझं दुकान त्या अकरा वर्षांत चांगलं चाललं.

ते भीतिदायक वचन कसं वाचावं

इब्री १०:२६ वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका. सत्याचं ज्ञान मिळाल्यावर आपण जाणूनबुजून पाप करत राहिलो, तर पापांबद्दल यज्ञ राहत नाही, असं तिथं आहे. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात तिथं ‘आपण’ आलं आहे. ‘ते’ नाही, आणि ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारं ‘आम्ही’सुद्धा नाही. पत्र लिहिणारा स्वतःला आणि मला एकाच चटईवर बसवतो.

मग ‘करत राहिलो’वर बोट ठेवा. एकदा केलं असं ते म्हणत नाही. त्याच्यामागं नियमशास्त्रातलं गणना १५ आहे. नकळत झालेल्या पापासाठी तिथं बकरी सांगितली आहे. पण जो उद्दामपणे करतो, मूळ हिब्रू भाषेत ‘हात उंचावून’ करतो, त्याच्यासाठी तिथं अर्पण नाही.

यज्ञ राहत नाही म्हणजे ख्रिस्ताचं रक्त संपलं, असा अर्थ मी घेत नाही. दुसरा यज्ञ कुठंच नाही, एवढंच ते आहे. जो एकमेव यज्ञ आहे त्याला तुडवून पुढं गेलात, तर पुढच्या वळणावर दुसरी वेदी नाही. असा माणूस मुळातच विश्वासणारा नव्हता, असं काही शिक्षक म्हणतात. खरा विश्वासणाराही तारण गमावू शकतो, असं दुसरे म्हणतात. हा वाद जुना आहे आणि तो मिटेपर्यंत थांबायला माझ्याकडे वेळ नव्हता. दोन्ही बाजूंचे लोक मला एकच गोष्ट सांगत होते: टोपलं खाली ठेव.

आणि ज्याला वाटतं, माझं दार बंद झालं, त्यानं दावीद राजा पाहावा. त्यानं बथशेबाला आणलं, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत मारवलं, आणि नाथान संदेष्टा जाब विचारायला येईपर्यंत राज्य करत राहिला. व्यभिचार आणि खून, दोन्हींसाठी नियमशास्त्रात अर्पण नव्हतं. स्तोत्र ५१ मध्ये तोच म्हणतो की तुला यज्ञ आवडत नाही, नाहीतर मी दिला असता. आणि मग भग्न हृदय पुढं करतो. ते नाकारलं गेलं नाही. तुम्हाला अजून भीती वाटते आहे, परत यावंसं वाटतं आहे, तर ती ओढ तुमच्या मनातून आपोआप उगवलेली नाही. पवित्र आत्मा अजून बोलतो आहे. धोका एवढाच की उद्या ती भीतीही वाटणार नाही. मी तिथपर्यंत जाऊन आलो आहे म्हणून सांगतो.

आधी बरणी हलवा

त्या रात्री मी लांबलचक प्रार्थना केली नाही. आधी तशा पुष्कळ केल्या होत्या. पहाटे दुकान उघडलं, चॉकलेटची बरणी फडताळात टाकली, काटा गिऱ्हाइकाकडे वळवला, लाल टोपलं चुलीत न जाळता घरी नेऊन ठेवलं (ते का, ते पुढं येईल). टेअरच्या बटणाशेजारी खडूनं फुली मारली. पश्चात्ताप मनात पूर्ण उतरेपर्यंत सोय तशीच ठेवू नका. सोय राहिली की मन तिच्याकडेच वळतं. सिमकार्ड असेल तर मोडा, नंबर असेल तर पुसा, ज्या रस्त्यानं जाता तो रस्ता बदला. आजच, जेवणाआधी.

त्याच दिवशी दुपारी मला दुसरा धक्का बसला. नववीतला माझा पुतण्या शाळा सुटल्यावर दुकानात बसायचा. त्यानं एका बाईला दोन किलो तांदूळ दिले आणि बटण दाबलं नाही. मी त्याला कधी शिकवलं नव्हतं. त्यानं पाहिलं होतं. यहोशवा ७ मध्ये आखानानं देवानं मना केलेल्या लुटीतला शिनारी झगा, चांदी आणि सोन्याची वीट आपल्या डेऱ्यात पुरली, तेव्हा डेऱ्यात तो एकटा राहत नव्हता. मुलाला जवळ घेऊन सांगितलं, “बाळा, काका चोरी करत होता. तू नको करू.” आयुष्यात इतकं जड वाक्य मी बोललो नाही.

सांगायचं कुणाला

याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापं कबूल करा म्हणतं. एकमेकांजवळ म्हणजे लाउडस्पीकरवर नव्हे. पाप जेवढ्या लोकांविरुद्ध झालं, कबुली तेवढ्या लोकांपुढं. शिवाय एक माणूस असा, जो तुम्हाला पुन्हा विचारेल. ‘जाऊ द्या हो, सगळेच करतात’ म्हणणारा निवडू नका. ऐकून ज्याला चव लागते, तोही नको. मी आमच्या मंडळीतले निवृत्त शिक्षक निवडले, सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांनी ऐकून घेतलं, बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “देवानं क्षमा केली असं मी तुला सांगतो. पण शनिवारी हिशोबाची वही घेऊन ये.” पंचपद सोडायचंही त्यांनीच सुचवलं. मी पाळकसाहेबांकडे जाऊन सोडलं.

इथं दोन गोष्टी वेगळ्या आहेत. व्यभिचारासारख्या बाबतीत कबुलीनं तिसऱ्याच माणसाचं घर पेटू शकतं; आधी पाळकांशी बोला, मग कुणाला काय सांगायचं ते ठरवा. आणि लहान मुलावर किंवा बाईवर अत्याचार झाला असेल, तर ते मंडळीत मिटवायचं नाही. पोलिसांकडे जायचं, आणि जाणाऱ्याला अडवायचं नाही. दारूचं व्यसन असेल तर प्रार्थनेसोबत डॉक्टरही हवा.

परत देणं

लेवीय ६ म्हणतं, घेतलेलं पुरं परत करून वर पाचवा हिस्सा द्या. लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय तर येशूपुढं चौपट म्हणाला. आबांनी आणि मी लेवीय धरलं, कारण जक्कयाइतकी रक्कम माझ्याकडे नव्हती आणि कर्ज काढून पश्चात्ताप करू नये, असं आबांचं मत पडलं.

उधारीच्या वहीत त्रेसष्ट घरं सापडली. घरामागं महिन्याला सरासरी दहा किलो सुटा माल धरला. किलोला ४० ग्रॅम, म्हणजे महिन्याला ४०० ग्रॅम, वर्षाला ४ किलो ८०० ग्रॅम, अकरा वर्षांत ५२ किलो ८०० ग्रॅम. सरासरी ३० रुपये किलोनं १,५८४ रुपये. पाचवा हिस्सा मिळवून १,९०१. त्रेसष्ट घरांचे १,१९,७६३ रुपये. चाळीस ग्रॅम कागदावर मांडेपर्यंत मला ते चाळीस ग्रॅमच वाटत होते. तुमचं पाप पैशाचं नसलं तरी असा कागद मांडा: किती रात्री, किती खोटी वाक्यं, कुणाकुणाला.

मग टोपलं घेऊन घरोघर गेलो. त्यासाठीच ते ठेवलं होतं. नुसतं बोललो असतो तर मी ते गोड करून सांगितलं असतं. काहींनी पैसे घेतले, काहींनी किराण्यात वळते करून घेतले. चार घरांनी माझ्याकडून माल घेणं बंद केलं, तो त्यांचा हक्क आहे. त्यांची क्षमा मागा, पण ती वसूल करायला जाऊ नका.

एक आजी आहेत, त्यांच्या घरी साखरेचा जुना पितळी डबा आहे, बरोबर पाच किलोचा. त्या म्हणाल्या, “अरे, मला ठाऊक होतं. तुझी साखर ओतली की डबा बोटभर रिता राहायचा.” मी विचारलं, “आजी, मग बोलला का नाहीत?” त्या म्हणाल्या, “आमच्या ह्यांच्या मातीला तू प्रार्थना केलीस. त्या तोंडाला चोर कसं म्हणू?” मी तिथंच ओट्यावर बसलो. हात थरथरत होते, आणि त्या थरथरण्याबद्दल मी देवाचे आभार मानले.

ज्यांची नावं वहीत नाहीत, रोख घेऊन गेलेले, त्यांचं काय? गणना ५:८ मध्ये घेणारा कुणी नसेल तर ते परमेश्वराचं, असं आहे. त्या वाट्याचं धान्य आम्ही गावातल्या ऊसतोडीच्या कुटुंबांत वाटलं, नाव न सांगता. चर्चच्या भिंतीवर देणगीदाराची पाटी लागेल असं काही करू नका.

पुन्हा पडलात तर

मी पडलो. नाताळाच्या आठवड्यात गर्दी होती, साखर महागली होती, आणि दोनदा बटण न दाबता मी माल बांधला. विसरलो नव्हतो. त्या रात्री दुकान बंद करायच्या आधी आबांना फोन केला. त्यांनी विचारलं, “कुणाला दिली?” नावं सांगितली. “मग सायकल काढ.” रात्री नऊ वाजता दोन पुड्या पोहोचवून आलो. १ योहान २:१ मध्ये कुणी पाप केलं तर आपला कैवारी आहे, असं लिहिलं आहे, ते मी त्या सायकलवर तोंडानं म्हणत होतो. पडल्यापासून सांगेपर्यंतचा वेळ मोजत जा. माझा तो आधी अकरा वर्षं होता, त्या रात्री साडेतीन तास.

त्रेसष्टपैकी सात घरं गाव सोडून गेलेली होती. पाचांचे पत्ते मिळाले. दोन पिंपरीला आहेत असं कळलंय. येत्या शनिवारी पहिल्या एसटीनं जाणार आहे, पुतण्याही येतो म्हणाला. टोपलं पिशवीत ठेवलं आहे.