चालू कारखान्यात हँडशेक दिसत नाही: मॉडबस पार्सर लिहिणाऱ्या नवख्यांसाठी

तुम्हाला टीसीपी कळतं, सुरिकाटा किंवा झीक (नेटवर्कवर नजर ठेवून अलर्ट देणारी सॉफ्टवेअर) घरी चालवून झालंय आणि आता कारखान्यातल्या प्रोटोकॉलकडे वळायचंय, असं धरून लिहितोय. मॉडबस ही कारखान्यातल्या यंत्रांची बोलण्याची भाषा; तिचे बाइट वाचून अर्थ लावणारा पार्सर लिहिणं अवघड नाही. अवघड काय आहे ते मला चेंबूरकडच्या एका कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये कळलं, आणि त्यात माझे तीन दिवस गेले.

मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमावाला, भांडुपचा. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली. कोविडमुळे लोकल तेव्हा फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी धावत होत्या, त्याही थांबल्या. पुढे राज्य सरकारने सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली, केंद्राने मानवी चूक म्हटलं. खरं काय त्या वादात मी पडत नाही. पण यंत्रांना जाणारे हुकूम कोणी तपासतं का, हा प्रश्न त्या दिवशी डोक्यात शिरला तो निघाला नाही.

सुरुवात मॉडबसपासूनच करा. १९७९ चा प्रोटोकॉल, टीसीपीवर पोर्ट ५०२, सात बाइटचं हेडर, मग काय करायचं ते सांगणारा फंक्शन कोड. पासवर्ड नाही, सही नाही. पीएलसीपर्यंत, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकापर्यंत, जो पोचला तो त्याच्या रजिस्टरमध्ये (आकडे ठेवण्याच्या जागेत) लिहू शकतो. जानेवारी २०२४ मध्ये युक्रेनच्या ल्वीव शहरात मॉडबसच्याच हुकमांनी सहाशेहून जास्त इमारतींचं हीटिंग ऐन थंडीत बंद पाडलं गेलं. तेव्हा ‘जुनाट प्रोटोकॉल आहे, कशाला शिकू’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

माझा पार्सर दोन संध्याकाळींत चालू झाला. डाउनलोड केलेल्या सगळ्या पीकॅपवर (पकडून ठेवलेल्या पॅकेटांच्या फाइलींवर) अलर्ट बरोबर येत होते. कारखान्यात स्विचच्या मिरर पोर्टला, जिथे सगळ्या पॅकेटांची प्रत मिळते, सुरिकाटाचा सेन्सर लावला आणि काहीच नाही. एकही अलर्ट नाही. केबल बदलली, व्हीलॅन टॅग तपासले, चेकसमची तपासणी बंद करून पाहिली. टीसीपीडम्पमध्ये ५०२ ची पॅकेटं धो धो दिसत होती. रात्री शेवटची लोकल गाठून घरी यायचं आणि झोप लागायची नाही. आपल्याला हे जमणार नाही, असं तेव्हा खरंच वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी तिथल्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या काकांना सहज विचारलं, स्काडा (पीएलसींवर देखरेख ठेवणारा कंट्रोल रूममधला संगणक) शेवटचा कधी रीस्टार्ट केला होता? ते म्हणाले, “अहो, मागच्या शटडाउनला चालू केलाय. त्यानंतर बंद कुठे केलाय आम्ही?”

सगळं त्या वाक्यात होतं. टीसीपी जोडणी तीन पॅकेटांच्या हँडशेकने सुरू होते आणि त्यावरून आयडीएस (सुरिकाटासारखी घुसखोरी पकडणारी प्रणाली) क्लायंट कोण, सर्व्हर कोण ते ठरवतं. ऑफिसच्या नेटवर्कवर क्षणाक्षणाला नव्या जोडण्या होतात, त्यामुळे सेन्सर कधीही लावा, हँडशेक दिसतात. कारखान्यात स्काडा पीएलसीला एकदा जोडला की तीच जोडणी महिनोन्महिने उघडी असते. माझा सेन्सर नंतर आलेला. सुरिकाटात अर्ध्यातून पकडलेल्या जोडण्या वाचण्याची मिडस्ट्रीम सेटिंग मुळात बंद असते. माझ्या पार्सरपर्यंत एक बाइटही पोचत नव्हता.

सेटिंग चालू केली, तर अलर्टचा पूर आला आणि सगळे खोटे. सेन्सर सुरू झाल्यावर त्याला दिसलेलं पहिलं पॅकेट पीएलसीचं उत्तर होतं, म्हणून पीएलसीच क्लायंट ठरला. आता कोड ३ बघा, होल्डिंग रजिस्टर वाचण्याचा. मागणीत कोडनंतर चार बाइट येतात: दोन पत्त्याचे, दोन संख्येचे. उत्तरात आधी एक बाइट, पुढे किती डेटा आहे त्याचा, आणि मग डेटा. हेडर दोन्हींना सारखंच. मी तापमानाचे आकडे रजिस्टरचे पत्ते म्हणून वाचत होतो! कोड ६, एका रजिस्टरमध्ये लिहिण्याचा, तर याहून वाईट. तिथे पीएलसी काम झाल्यावर मागणी जशीच्या तशी परत पाठवतो. बाइट बघून कोण बोललं हे सांगताच येत नाही.

म्हणून ५०२ कुठल्या बाजूला आहे ते पाहून दिशा ठरवा. मागणी न दिसता उत्तर आलं तर ते सोडून द्या, अलर्ट देऊ नका. संदेशाच्या मधूनच वाचायला लागलात तर हेडरमधले प्रोटोकॉलचे दोन बाइट शून्य आणि लांबी २ ते २५४ मध्ये, अशी जागा सापडेपर्यंत पुढे सरका. आणि हे घरीच तपासता येतं. वायरशार्कबरोबर (पॅकेटं उघडून बघायचं साधन) येणाऱ्या एडिटकॅपने पीकॅपमधली पहिली तीन पॅकेटं उडवा, म्हणजे हँडशेक गेला. दुसऱ्या प्रतीत पहिली मागणीही उडवा, म्हणजे फाइल उत्तरापासून सुरू होईल. या दोन फाइलींवर पार्सर नीट चालला नाही तर तो कारखान्यात नेऊ नका.

वायरशार्कचा कोड बघून पार्सर उतरवण्याचा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. वायरशार्क माणसाने पॅकेटं डोळ्यांनी वाचण्यासाठी आहे. तुमच्या पार्सरसमोर मुद्दाम वाकडे बाइट पाठवणारा उभा असतो. गुरूंबद्दलही माझं मत पक्कं आहे. मला सर्टिफिकेटवाले बरेच भेटले, पण प्रश्न सुटला तो रोज त्या पॅनेलसमोर उभं राहणाऱ्या माणसामुळे. त्यांच्याबरोबर चहा घ्या, प्रश्न विचारा.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. चालू कारखान्याच्या नेटवर्कवर स्वतःहून एकही पॅकेट पाठवू नका. स्कॅन करणारं एनमॅप तर नाहीच. जुना पीएलसी साध्या स्कॅननेही लटकू शकतो आणि तिथे माणसं काम करत असतात. फक्त ऐका.

बाकी घाबरू नका. मला सी भाषा धड येत नव्हती, तरी जमलं. मॉडबस झाल्यावर वीज आणि पाण्याच्या यंत्रणांत चालणारा डीएनपी३ घ्या. तिथे लांबीचा बाइट सीआरसी (चूक पकडण्यासाठी जोडलेले बाइट) धरत नाही, हेडरचे मात्र पाच बाइट धरतो, आणि डेटाच्या दर सोळा बाइटमागे दोन बाइट सीआरसी असतो. त्यामुळे लांबी २५५ लिहिलेली असते तेव्हा तारेवर २९२ बाइट येतात: दहाचं हेडर, अडीचशे डेटा, बत्तीस सीआरसी. हे आधी कागदावर मोजून बघा आणि मगच कोडला हात घाला.