ओव्हलच्या मधोमध उभं राहायला शिकताना

मुंबईतल्या जुन्या इमारती दाखवत लोकांना पायी फिरवायचं, म्हणजे वॉकचं, काम मी करते. माझा पहिला वॉक राजाबाई टॉवरपाशी बिघडला. बावीस माणसं होती, नोव्हेंबरची सकाळ होती आणि मी महिनाभर टिपणं काढून तयार होते. वास्तुरचनाकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट, 280 फूट उंची, 1878 हे साल, टॉवरला पैसा देणारे, कापसाच्या व्यापारात गडगंज झालेले प्रेमचंद रायचंद आणि त्यांच्या आईचं, राजाबाईंचं नाव, सगळं सलग सांगत सुटले. वीस मिनिटांनी पाहिलं तर एक काकू फुटपाथच्या कडेवर बसल्या होत्या, दोघंतिघं मोबाईल बघत होते आणि बाकीचे डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे पाहत होते. टॉवरकडे कोणीच पाहत नव्हतं. सकाळचं ऊन टॉवरच्या मागून थेट त्यांच्या डोळ्यांत येत होतं. समोर दिसत होती ती नुसती काळी आकृती.

हे काम करू इच्छिणाऱ्या मुलामुलींचे मला फोन येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘काय वाचू?’ मी सांगते, वाचाच, भरपूर वाचा. पण आधी माणसांना कुठे उभं करायचं ते ठरवा. माझं सगळं शिक्षण त्या एका प्रश्नाभोवती झालं.

मी अकरा वर्षं फोर्टमध्ये एका कचेरीत हिशेबाचं काम केलं. चर्चगेटला उतरायचं, ओव्हलच्या पायवाटेने मैदान आडवं कापायचं आणि कामावर जायचं. त्या पायवाटेवरून मी किती वेळा गेले असेन, पण थांबले कधीच नव्हते. तिथे मध्यावर उभं राहून पूर्वेकडे तोंड केलं की जुनं सचिवालय, विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह, ग्रंथालय आणि टॉवर, उच्च न्यायालय अशी एकोणिसाव्या शतकातली, टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीतली दगडी रांग दिसते. टाचेवर वळलं की पश्चिमेला 1930 च्या दशकातली, गोल वळणांची, काँक्रीटची आर्ट डेको शैलीतली घरं. मधे फक्त क्रिकेट खेळणारी पोरं. ‘मुंबईचे व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूह’ म्हणून 2018 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या 94 इमारतींचा गाभा हाच. मला तरी असं दुसरं ठिकाण माहीत नाही जिथे एका जागी उभं राहून, नुसतं वळून, दोन काळ समोरासमोर दाखवता येतात.

तर उन्हाचं गणित. गॉथिक रांगेचं तोंड पश्चिमेला आहे, डेको रांगेचं पूर्वेला. म्हणजे सकाळी डेको उजळलेली आणि गॉथिक अंधारात, संध्याकाळी उलट. नवीन गाइड कालक्रमाने जातो, कारण पुस्तकात तसं असतं: आधी गॉथिक, मग डेको. सकाळच्या वॉकला हे चालत नाही. मी वर्षभर कालक्रमाला धरून बसले आणि मग सोडून दिलं. आता सकाळचा वॉक चर्चगेटच्या इरॉस सिनेमासमोरून सुरू करते आणि मागे मागे जाते. संध्याकाळचा हुतात्मा चौकातून निघून पुढे येतो. सकाळी उलटं जाताना गोष्ट सांगायलाही सोपी पडते, हे मला नंतर उमगलं. लोक आधी स्वतःच्या ओळखीचं काहीतरी बघतात, लिफ्टवाली, गॅलरीवाली, सिमेंट काँक्रीटची इमारत, आणि मग विचारतात, ‘याच्या आधी इथे काय होतं?’ प्रश्न त्यांच्या तोंडून आला की उत्तर ते लक्ष देऊन ऐकतात.

उत्तर असं की, याच्या आधी इथे जवळपास समुद्रच होता. 1860 च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, फोर्टचा कोट पाडला गेला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला पोचेना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशाच्या लाटेनंतर ही गॉथिक रांग उभी राहिली. तिच्यासमोर मैदान आणि पलीकडे पश्चिमेचा समुद्र. पुढे त्या बाजूच्या उथळ समुद्रात, बॅकबेमध्ये, भराव पडला आणि समुद्र मागे गेला. डेको रांगेतल्या एका इमारतीचं नाव ‘कोर्ट व्ह्यू’ आहे. ते मी कधीच स्वतः सांगत नाही. गटाला फाटकापाशी नेते, पाटी वाचायला लावते आणि मागे वळायला सांगते. समोर उच्च न्यायालय! त्या एका पाटीत दोन्ही रांगांचं नातं आलंय, आणि ते लोकांनी स्वतः शोधलेलं असतं.

पुढची गोष्ट भाषेची, आणि ती मला फार जवळची आहे. सुरुवातीला मी मराठी वॉकमध्येही ‘लान्सेट आर्च’, ‘गार्गॉइल’, ‘आयब्रो’ असे शब्द फेकायचे. एका वॉकला नाशिकचे एक आजोबा आले होते. छपराच्या कडेला कोरलेलं एक श्वापदाचं मुख दाखवून मी ‘गार्गॉइल’ म्हटलं, तर ते सहज म्हणाले, ‘म्हणजे गोमुखच की! पाणी तोंडातून बाहेर टाकायचं.’ त्या दिवसापासून माझी वही बदलली. टोकदार कमान, छज्जा, कठडा, जाळी, गिलावा, घडीव दगड, पन्हळ: आपल्याकडे वाडे आणि देवळं आहेत, त्यामुळे शब्दही आहेत, आणि ते ऐकणाऱ्याच्या घरातून आलेले असतात. खिडक्यांवरून सलग धावणाऱ्या डेको छज्ज्यांना मी ‘इमारतीच्या भुवया’ म्हणते. इंग्रजीतही तसंच म्हणतात, पण मराठीत म्हटलं की लोक मान वर करतात. जिथे शब्द नाही तिथे ओढूनताणून संस्कृत करू नका. आर्ट डेकोला आर्ट डेकोच म्हणा. तसंही ते नाव 1925 च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनावरून बऱ्याच नंतर, 1960 च्या दशकात रूढ झालं. ओव्हलवर पहिल्यांदा राहायला आलेली कुटुंबं आपलं घर ‘आर्ट डेको’ आहे असं म्हणत नव्हती. त्यांच्या लेखी ती नव्या पद्धतीची बिल्डिंग होती.

मराठी गटाला आणखी एक गोष्ट मी आवर्जून दाखवते. गॉथिक रांगेचे आराखडे इंग्रजांचे; स्कॉटने तर मुंबईत पाऊल न ठेवता विद्यापीठाच्या इमारती आखल्या. समोरच्या रांगेत मात्र भारतीय वास्तुरचनाकार येतात. ‘एम्प्रेस कोर्ट’ जी. बी. म्हात्र्यांचं. हे नाव घेतलं की गटात क्षणभर कुजबुज होते, आणि होऊ द्यावी. साठ वर्षांत या शहराची चित्रं काढणारे हात कसे बदलले, हे कुठल्याही सनावळीपेक्षा त्या कुजबुजीत जास्त पोचतं.

आता दंतकथा. उच्च न्यायालयाच्या इमारतीत एका डोळ्यावर पट्टी बांधलेल्या, हातात तराजू घेतलेल्या माकडाचं शिल्प आहे. त्यामागे खटला हरलेल्या पारशी कंत्राटदाराच्या सूडाची गोष्ट सांगतात. मी ज्या मंडळींकडे सुरुवातीला काम केलं त्यांनी दिलेल्या लिखित संहितेत ही गोष्ट इतिहास म्हणून छापली होती, आणि मी ती तशीच सांगत होते. एकदा गटातल्या एका वकीलबाईंनी वॉक संपल्यावर मला बाजूला घेऊन शांतपणे विचारलं, ‘याला पुरावा काय?’ माझ्याकडे नव्हता. त्या रात्री मी संहितेतलं एकेक वाक्य घेतलं आणि समोर ‘आहे’ किंवा ‘सांगतात’ असं लिहिलं. तुम्हीही हे पहिल्या दिवसापासून करा. माकड आहे, पट्टी आहे, तराजू आहे. कंत्राटदाराचा सूड ‘सांगतात’. गोष्ट वगळायची गरज नाही, ती लोकांना आवडते आणि मलाही आवडते. पण ‘असं सांगतात’ हे दोन शब्द गिळायचे नाहीत. तुमच्या गटातली दहावीतली मुलगी ते उद्या शाळेच्या प्रकल्पात लिहिणार आहे.

हुतात्मा चौकाबद्दल एक विनंती. फ्लोरा फाउंटन 1864 चं, रोमन पुष्पदेवतेचं, सुंदर आहे. कारंज्याच्या नक्षीवर दहा मिनिटं बोलून शेजारच्या मशालधारी शेतकरी-कामगारांच्या शिल्पाला एका वाक्यात उरकणारे वॉक मी पाहिलेत. संयुक्त महाराष्ट्रासाठी याच जागी माणसं गोळ्यांना बळी पडली. देखण्या इमारतींचा वॉक आहे म्हणून हा थांबा हलका करू नका. मी इथे गटाला दोन मिनिटं नुसतं उभं राहू देते.

देखणेपणाचं आणखी एक भान ठेवायला लागतं: डेको रांगेतल्या इमारती म्हणजे लोकांची राहती घरं आहेत. फाटकावरची उगवत्या सूर्याची जाळी, जिन्याची गोल वळणं, बोटीवरच्यासारख्या गोल खिडक्या बघून हात शिवशिवतात. आत घुसायचं नाही, वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढायचे नाहीत, सकाळी आठला खिडकीखाली माईक लावायचा नाही. या परिसराचा वारसा टिकला आणि युनेस्कोपर्यंत गेला त्यात नागरिकांच्या संघटनांचा फार मोठा वाटा आहे. त्यांना आपला त्रास झाला तर तो मोठा अपराध. मी वॉचमनकाकांना आधी नमस्कार करते, नाव सांगते, किती माणसं आहेत ते सांगते. सहा महिन्यांनी त्यातल्या एकाने आपणहून फाटक उघडून पायऱ्यांवरची नक्षी दाखवली. न्यायालय आणि विद्यापीठापाशी तर सुरक्षारक्षकांशी वाद घालायचाच नाही; परवानगी नसेल तर बाहेरून. बाहेरूनही खूप आहे.

बारीकसारीक गोष्टी. बावीस माणसं नकोत, पंधरा पुरे. एका थांब्यावर सात मिनिटांच्या वर बोलू नका. सावली आधी शोधा, इमारत मग. रस्ता ओलांडला की माणसं मोजा. स्वच्छतागृह कुठे आहे आणि रविवारी ते उघडं असतं का, हे स्वतः जाऊन बघून ठेवा. वॉक किती चांगला झाला हे ज्येष्ठ मंडळी त्यावरूनही ठरवतात आणि त्यांचं बरोबर आहे. पैशांचं म्हणाल तर पहिली दोन वर्षं मी नोकरी सोडली नव्हती, फक्त शनिवार-रविवार करत होते. सोडायची घाई करू नका. पर्यटन मंत्रालयाचा ‘अतुल्य भारत’ नावाखाली गाइडांसाठीचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, तो बघा. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांवर गाइड म्हणून काम करायचं तर परवाना लागतो, त्याचे नियम अर्ज करण्यापूर्वी नीट वाचा.

आणि पावसाळा. बरेच जण जूनमध्ये वॉक बंद करतात. मीही करत असे. दोन वर्षांपूर्वी जुलैत एका गटाने हट्टच धरला, म्हणून सात जणांना छत्र्यांसकट घेऊन गेले. मैदानात चिखल होता, टॉवर धुक्यासारख्या पावसात अर्धा बुडाला होता. आम्ही डेको रांगेसमोरच्या फुटपाथवर उभे होतो. इतकी वर्षं मी ज्यांना भुवया म्हणत आले त्या छज्ज्यांच्या कडेवरून पाणी सरळ रेषेत खाली पडत होतं आणि त्यांच्या आत एका बाई खिडकी सताड उघडी टाकून चहा पीत बसल्या होत्या. खिडकीत एक थेंब येत नव्हता. मी काही बोलले नाही. सातही जण वर बघत होते.