एसआयव्ही झालेल्या माकडाच्या रक्तातला विषाणूभार कसा मोजायचा

एसआयव्ही हा माकडांमधला एचआयव्हीसारखा विषाणू. विषाणूभार म्हणजे एक मिली प्लाझ्मात (रक्तातल्या पेशी वगळून उरणाऱ्या द्रवात) त्याच्या आरएनएच्या, म्हणजे जनुकीय द्रव्याच्या, किती प्रती आहेत तो आकडा. हा आकडा पीसीआर यंत्रातून (जनुकीय तुकड्याच्या असंख्य प्रती बनवून मोजणाऱ्या) बाहेर पडतो, पण बिघडतो तो बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी. लागणीनंतर दहाव्या ते चौदाव्या दिवसाचा नमुना प्रत्येक माकडाकडून एकदाच मिळतो. तो वाया गेला तर त्या प्राण्याने सोसलेलं सगळंच फुकट जातं. म्हणून इथे पीसीआरपेक्षा त्याआधीच्या कामावर जास्त भर दिला आहे.

पहिला प्रश्न, विषाणू नेमका कोणता? एचआयव्ही-१ साठी दवाखान्यात वापरतात ते किट इथे चालत नाहीत, कारण ऱ्हीसस माकडांमधला एसआयव्हीचा प्रकार, एसआयव्हीमॅक, हा एचआयव्ही-२ च्या जवळचा आहे. प्रायमर आणि प्रोब (पीसीआरमध्ये विषाणूचा क्रम ओळखून त्याला चिकटणारे छोटे तुकडे) सहसा विषाणूच्या गॅग जनुकावर बेतलेले असतात. मॅक२३९ आणि मॅक२५१ या एसआयव्हीमॅकच्या वाणांसाठी तोच संच चालतो. एसआयव्ही आणि एचआयव्ही जोडून बनवलेल्या एसएचआयव्हीमध्ये आवरणाचं जनुक एचआयव्हीचं असलं तरी गॅग सहसा एसआयव्हीमॅकचं असतं, त्यामुळे तिथेही तो चालतो. स्मई६६० या मँगाबे माकडांच्या एसआयव्हीपासून आलेल्या वाणासाठी मात्र प्रायमरची जागा त्या विषाणूच्या क्रमाशी ताडून पाहा. दोन-तीन अक्षरं जुळली नाहीत तर आकडा कमी येतो आणि तो चुकीचा आहे हे कुठेच दिसत नाही.

सुरक्षिततेत एसआयव्हीइतकंच भान हर्पिस बी विषाणूचं हवं. मॅकाक माकडांमध्ये (ऱ्हीसस त्यांतलंच) तो सर्रास आढळतो, त्यांना फारसा त्रास देत नाही, पण माणसाच्या मेंदूवर घाला घालतो. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या यर्कीस केंद्रात डोळ्यात द्रव उडाल्यामुळे एका तरुण संशोधिकेचा जीव गेला. चेहऱ्यावर ढाल आणि डोळ्यांवर गॉगल असल्याशिवाय पिंजऱ्याजवळ जायचं नाही. चावा, ओरखडा किंवा सुई लागली तर जखम साबण-पाण्याने आणि डोळा वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटं धुवायचा, कळवायचं त्यानंतर. सुईमुळे प्रयोगशाळेतल्या माणसाच्या रक्तात एसआयव्हीविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाल्याची नोंद १९९२ मध्ये झालेली आहे. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका.

रक्त किती काढायचं याचा हिशेब आधी मांडा. ऱ्हीससच्या अंगात किलोमागे साधारण ५६ मिली रक्त असतं, म्हणजे ५ किलोच्या माकडात २८० मिली. महिन्याला त्यातलं १० टक्के, म्हणजे २८ मिली, ही मर्यादा धरली आणि ७, १०, १४, २१, २८ या दिवशी नमुने हवे असतील, तर एका वेळी ५.६ मिलीच हाताशी राहतं. संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मर्यादा याहून कमी असेल तर तीच पाळायची. पशुवैद्य केटामाइनने गुंगी देऊन मांडीतल्या शिरेतून रक्त काढतात.

ट्यूब ईडीटीएची (रक्त गोठू न देणारं रसायन), जांभळ्या टोपणाची. हेपरिनची नको; तेही रक्त गोठू देत नाही, पण हेपरिन आरएनएसोबत पुढे जातं आणि पीसीआर अडवतं. ट्यूब आठ-दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करा. जोरात हलवली तर पेशी फुटतात. प्लाझ्मा चार तासांच्या आत वेगळा करा.

इथे घाई महागात पडते. सेंट्रिफ्यूजमध्ये पहिली फेरी ५०० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पट जोराने) १० मिनिटं, ब्रेक न लावता. वरचा पिवळसर प्लाझ्मा घेताना पांढऱ्या पेशींच्या थराच्या वर अर्धा सेंटिमीटर सोडून द्या. पिपेटचं टोक त्या थराला लागलं, तर लागण झालेल्या पेशींमधला आरएनए आणि डीएनए आत येतो आणि आकडा उगाच फुगतो. घेतलेला प्लाझ्मा नव्या ट्यूबमध्ये १००० जीवर आणखी १० मिनिटं फिरवा. ही दुसरी फेरी बरेच जण गाळतात; गाळू नये. मग तो १ मिलीच्या कुप्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवा. एकदा वितळवलेली कुपी पुन्हा गोठवायची नाही.

कमी भार मोजायचा असेल तर १ मिली प्लाझ्मा ४ अंशांवर सुमारे २१,००० जीवर तासभर फिरवून विषाणू तळाशी बसवतात. बसलेला गोळा डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे ट्यूबच्या बाहेरच्या बाजूला आधीच पेनाने खूण करा आणि वरचं पाणी खुणेच्या समोरच्या बाजूने काढा. आरएनए वेगळा करण्याआधी प्रत्येक नमुन्यात मोजून थोडा दुसरा, निरुपद्रवी आरएनए घाला. शेवटी तो पुरेसा परत मिळाला नाही, तर ‘विषाणू सापडला नाही’ असं लिहायचा अधिकार तुम्हाला नाही.

पीसीआरमध्ये प्रमाण-रेषेचा (माहीत असलेल्या प्रमाणांच्या नमुन्यांवरून आखलेल्या रेषेचा) उतार उणे ३.१ ते उणे ३.६ मध्ये यायला हवा. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएचा डीएनए बनवणारं विकर) न घातलेल्या कंट्रोलमध्ये रेषा वर गेली तर डीएनए आत शिरला आहे. हिशेब असा: १ मिली प्लाझ्मातून ५० मायक्रोलिटर आरएनए निघाला, त्यातले १० पीसीआर प्लेटच्या एका खळग्यात घातले आणि ४० प्रती मोजल्या, तर ४० गुणिले ५, म्हणजे मिलीला २०० प्रती. खळग्यात सरासरी एकच प्रत असेल तर १०० पैकी सुमारे ३७ खळगे नुसत्या योगायोगाने रिकामे निघतात. ९५ टक्के वेळा सापडायला सरासरी तीन प्रती लागतात. मोजता येण्याच्या मर्यादेजवळचा नमुना म्हणूनच अनेक खळग्यांत चालवायचा.

उरलेल्या पेशींतून सीडी४ (एसआयव्हीची लागण मुख्यतः ज्यांना होते त्या रोगप्रतिकारक पेशी) मोजताना माणसाच्या पेशींसाठी बनवलेली प्रतिपिंडं डोळे मिटून वापरू नका. सीडी३ (सगळ्या टी पेशींवरची खूण) साठी मॅकाकमध्ये एसपी३४-२ हा प्रतिपिंडाचा क्लोन चालतो, यूसीएचटी१ चालत नाही.

आकडा वाचताना दिवस आणि प्राणी दोन्ही पाहा. मॅक२३९ मध्ये दुसऱ्या आठवड्यात मिलीला १० लाख ते १० कोटी प्रती दिसणं नेहमीचं आहे. तो आकडा पुढे खाली येऊन स्थिरावतो. सूटी मँगाबे या मूळ यजमानात भार मोठा राहूनही एड्स सहसा होत नाही, त्यामुळे एका जातीचा निकष दुसरीला लावू नका. वंशाचंही तसंच. भारताने १९७८ मध्ये ऱ्हीससची निर्यात बंद केली. अमेरिकेतल्या केंद्रांमधली ‘भारतीय वंशाची’ माकडं ही त्याआधी गेलेल्यांची संतती आहे. चिनी वंशाच्या माकडांत भार सहसा कमी राहतो, म्हणून एका प्रयोगात दोन्ही मिसळू नका. भारतीय वंशातही मामू-बी*०८ किंवा मामू-बी*१७ ही रोगप्रतिकाराची जनुकं असलेली काही माकडं औषधाविनाच विषाणू दाबून ठेवतात. ही जनुकं लागण करण्याआधी तपासा आणि ती असलेली माकडं सर्व गटांत सारखी वाटा. स्मई६६० वापरणार असाल तर विषाणूला अडवणारं ट्रिम५ हे जनुकही तपासा. मॅक२३९ वर त्याचा तसा परिणाम होत नाही.