अंघोळीची खेळणी: पाठीवरचं चित्र आणि पोटाखालचं भोक

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हैदा, कोस्ट सेलिश यांसारख्या मूळनिवासी समाजांतल्या चित्रकारांची चित्रं असलेली रबरी ओर्का (काळे-पांढरे शिकारी सागरी प्राणी), कावळे, बेडूक घेताना आधी वेष्टन उलटं करून वाचा. चित्रकाराचं पूर्ण नाव आणि त्याचा समाज, दोन्ही छापलेलं हवं. 'मूळनिवासी शैलीतलं' किंवा 'प्रेरित' एवढंच लिहिलं असेल तर खेळणं परत ठेवा. त्यात बहुधा कुणा चित्रकाराला मानधन गेलेलं नसतं. अस्सल असतं ते चित्र. खेळणं कारखान्यातच ओतलेलं असतं आणि त्यात गैर काही नाही, फक्त ते हस्तकला म्हणून विकायचं नाही. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानुसार मूळनिवासींनी बनवलेली वस्तू असा खोटा दावा करून विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठीही अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग चित्र बघा. हैदा शैलीत एक ठळक रेषा जाड-बारीक होत, न तुटता सगळ्या आकृतीतून वाहते. डोळे आणि सांधे कोपरे गोलसर केलेल्या चौकोनासारख्या लंबगोलात बसतात. कोस्ट सेलिश शैलीत त्याऐवजी चंद्रकोरी, वर्तुळं आणि पाचरीसारखे त्रिकोण जास्त. दोन्हींची सरमिसळ करून वर कुठलंही नाव चिकटवलेलं दिसलं तर शंका घ्या. प्राणीही खुणांवरून ओळखता येतात: गरुडाची चोच टोकाशी वळलेली, कावळ्याची सरळ, बीव्हरला (झाडं कुरतडून नदीत बांध घालणाऱ्या प्राण्याला) पुढचे दोन मोठे दात आणि शेपटीवर जाळी, ओर्काला उंच पाठपंख. यातली बरीचशी चिन्हं विशिष्ट घराण्यांच्या मालकीची असतात, म्हणून चित्र कुणी काढलं याला इतकं महत्त्व.

आता भोक. पाणी उडवणाऱ्या खेळण्याच्या पोटाखाली ते असतंच, आणि खरा त्रास तिथूनच सुरू होतो. आत शिरलेलं पाणी पूर्ण निघत नाही, मऊ प्लास्टिकमधून कार्बन झिरपतो, अंगावरचा मळ आणि साबण त्यात भर घालतात; जिवाणूंना आणखी काय हवं? २०१८ साली स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी वापरलेली खेळणी कापून पाहिली तेव्हा आतल्या भिंतीवर धरलेल्या थरात दर चौरस सेंटिमीटरला किमान ५० लाख जिवाणू-पेशी होत्या, आणि निम्म्याहून जास्त खेळण्यांत बुरशीही.

म्हणून ३ वर्षांखालच्या मुलासाठी भोक नसलेलंच घ्या. भोक असलेलं आधीच घरात असेल तर ते अजून भिजलेलं नसतानाच बुजवा. हॉट ग्लू (वितळवून लावायचा गोंद) चालतो, पण पिळलं की मऊ रबर वाकतं आणि वाळलेल्या ग्लूची गोळी सुटून येते. ती मूल तोंडात घालेल. म्हणून सहज पिळलं जाणारं खेळणं बुजवण्याच्या फंदात पडू नका. बुजवलेलं खेळणं पाण्याखाली दाबून बघा, बुडबुडा आला तर गळतंय. आणि ओलं असताना बुजवलं तर आतलं पाणी कायमचं आत.

न बुजवलेल्याला रोजची शिस्त लागते. अंघोळ झाली की भोक खाली धरून पिळा, झटका, हवेशीर जागी जाळीवर ठेवा. बंद डब्यात नको. आठवड्यातून एकदा पांढरं व्हिनेगर आणि कोमट पाणी समप्रमाणात घेऊन आत ओढा, अर्धा तास ठेवा, पिळून काढा, साध्या पाण्याने दोनदा खंगाळा. व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. उकळत्या पाण्यातही टाकू नका: मऊ व्हिनाइलचा (या खेळण्यांच्या रबरासारख्या प्लास्टिकचा) आकार बिघडतो. बाहेरून मऊ फडकंच वापरा. खरखरीत घासणीने सर्वांत आधी जाते ती वर छापलेली रेषा.

पिळल्यावर काळे कण बाहेर आले तर धुण्याचे कष्ट घेऊ नका. थर भिंतीला धरलेला असतो, व्हिनेगर सगळीकडे पोचत नाही. ते टाकून द्या. चित्र फारच आवडतं असेल तर खेळणं मधोमध कापा, आतून घासून पूर्ण वाळवा आणि चित्राची बाजू मुलाच्या हाती न लागेल अशा उंचीवर भिंतीला लावा.