वाळू साफ ठेवायला मासे आणताय? आधी या चुका टाळा

माझ्या तीन फुटी टँकमधला पहिला ‘सफाई कामगार’ म्हणजे बोटाएवढा सकर मासा. दुकानदार म्हणाला होता, “हा टाका, परत टँक धुवायला नको.” वर्षभरात तो वीतभर झाला. वाळू होती तशीच राहिली, उलट तिच्यावर तपकिरी दोऱ्यांचा सडा पडायला लागला. दोरे कसले, ती त्याचीच विष्ठा.

साधा सकर फूट-दीड फुटापर्यंत वाढतो. त्याचं तोंड काच आणि लाकूड खरवडण्यासाठी आहे, वाळूशी त्याला देणंघेणं नाही. आवरेनासा झाला की लोक त्याला नदीत किंवा तळ्यात नेऊन सोडतात, आणि ही तर आणखी मोठी चूक. उजनीच्या जलाशयात हा परदेशी मासा कोळ्यांच्या जाळ्यात येतो, अंगावरच्या काट्यांनी जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. नको असेल तर दुकानात परत द्या, नदीत नाही.

घाण कुठली, ते न बघता मासे आणणं

वाळूवर दिसतं ते सगळं एकच नसतं. उरलेलं खाणं असेल तर कोरी, लोच हे तळाशी राहणारे मासे आणि गोगलगायी ते संपवतात. विष्ठा मात्र कुणीही खात नाही, ती नळीनेच ओढून काढावी लागते. नवीन टँकमध्ये पहिल्या काही आठवड्यांत तपकिरी भुकटीसारखा थर धरतो, तो डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा. बहुतेक वेळा तो आपोआप ओसरतो, घाई असेल तर नेराइट गोगलगाय तो चाटूनपुसून खाते. आणि दुधावरच्या सायीसारखा अखंड उचलला जाणारा, घाणेरडा वास येणारा निळसर हिरवा थर म्हणजे सायनोबॅक्टेरिया. त्याला टँकमधलं कुणी शिवत नाही. तो ओढून काढा, तीन दिवस टँक झाकून पूर्ण अंधारात ठेवा, तळाशी पाण्याचा प्रवाह वाढवा.

खाणं उरतंच कसं, हा प्रश्न मात्र मासा आणण्याआधी स्वतःला विचारावा. चिमूटभर पुरत असताना चमचाभर टाकायचं आणि मग ते उचलायला आणखी सहा पोटं आणायची, हा उलटा हिशोब आहे. नवा मासाही खाणार आणि त्याचंही पोट साफ होणारच. विष्ठेतून पाण्यात येणारा विषारी अमोनिया वाढतो, कमी होत नाही.

क्रश सँडवर कोरी सोडणं

कोरी म्हणजे कोरीडोरास. वाळूसाठी हा मासा माझा सगळ्यात लाडका. एकदा टँकसमोर मान खाली घालून बसा आणि नुसतं बघा: तो डोळ्यांपर्यंत तोंड वाळूत खुपसतो, घास भरतो, कण वेगळा करतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून धुरासारखी सांडते. मिशा अखंड चाचपत असतात. पुढच्या मिनिटाला दोन इंच पलीकडे पुन्हा तेच.

आता हेच काम तो बांधकामाच्या क्रश सँडवर करतोय असं समजा. ती दगड फोडून केलेली असते, प्रत्येक कणाला धार. माझ्या पहिल्या चार कोरींच्या मिशा दोन महिन्यांत झिजून खुंट झाल्या होत्या. धार हे एक कारण, वाळूत साचलेली घाण दुसरं. दोन्ही एकत्र आले की मिशा गेल्याच. हातावर चोळल्यावर टोचणार नाही अशी गोल कणांची बारीक वाळू घ्या. कोकणातून येताना किनाऱ्यावरची वाळू भरून आणायचा मोह टाळा. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, पाणी जड म्हणजे क्षारयुक्त होतं. शंका असेल तर व्हिनेगर टाकून बघा, बुडबुडे आले की ती वाळू टँकमध्ये नको.

कोरी एकटी किंवा जोडीने आणू नका, निदान सहा हव्यात. आणि फ्लॉवरहॉर्नसारख्या मोठ्या तोंडाच्या माशाबरोबर तर मुळीच नको. कोरीचे काटे ताठ होऊन अडकतात. मोठा मासा तिला गिळायला जातो आणि बऱ्याचदा दोघेही मरतात.

आपला उन्हाळा विसरणं

मुंबईत काय, नागपुरात काय, एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या घरातला टँक सहज तिशीच्या पुढे जातो. पेपर्ड कोरीला ते सोसत नाही, तिला बाविशी-चोविशीतलं पाणी आवडतं. स्टर्बाई कोरी बरीच उष्णता पेलते. त्याहून सोपा उपाय म्हणजे कुली लोच. गांडुळासारखी दिसते, वाळूत शिरते, तीस अंशापर्यंत निवांत असते. फक्त झाकण घट्ट हवं आणि फिल्टरच्या तोंडाला स्पंज हवा, नाहीतर ती फिल्टरमध्ये सापडते.

गोगलगायींना घाबरणं, किंवा त्यांच्यावर शत्रू सोडणं

लांब शंकूसारखी ट्रम्पेट गोगलगाय झाडांबरोबर फुकट येते आणि लोक हाय खातात. वाळूसाठी तिच्याइतकं काम कुणी करत नाही. दिवसभर वाळूच्या आत फिरते, पीठ चाळावं तशी वाळू हलवत राहते. रात्री दिवे गेल्यावर टॉर्च मारा, मग कळतं किती आहेत. नर नसला तरी तिला पिल्लं होतात, त्यामुळे संख्या तुमच्या हातातल्या खाण्याच्या डब्यावर ठरते. शंभर दिसल्या तर खाणं कमी करा, औषध टाकू नका. तांबं असलेल्या औषधाने गोगलगायी आणि कोळंबी दोन्ही मरतात, आणि वाळूत सडलेल्या शंभर गोगलगायी पाण्याचं काय करतील ते सांगायला नको.

भरदिवसा सगळ्या काचेवर चढून बसल्या असतील तर मात्र लगेच पाणी तपासा. खाली ऑक्सिजन कमी पडत असण्याची शक्यता असते.

कवच पांढरं पडून खड्डे पडायला लागले तर पाणी फार हलकं म्हणजे कमी क्षारांचं आहे. मुंबईच्या नळाला हा त्रास दिसतो, बोअरच्या पाण्याला सहसा नाही. समुद्रफेनाचा एक तुकडा टँकमध्ये ठेवा, काम होतं.

गोगलगायी ठेवायच्या असतील तर असॅसिन गोगलगाय आणि झेब्रा लोच दोघांनाही लांब ठेवा, दोघं गोगलगायीच खातात. झेब्रा लोच आपल्याच सह्याद्रीतली, कृष्णेच्या खोऱ्यातली. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या लाल यादीत ती संकटग्रस्त आहे. सुंदर आहे म्हणून पकडून आणलेली घेणं मला तरी पटत नाही.

काळे डाग दिसल्यावर मासे वाढवणं

वाळूचा थर दीड-दोन इंचांपेक्षा जाड झाला आणि कुणी तो हलवत नसेल, तर आत हवा पोचत नाही. काळे पट्टे येतात, ढोसलं की सडक्या अंड्याच्या वासाचा बुडबुडा वर येतो. तो हायड्रोजन सल्फाइड, माशांना विषारी. अशा वेळी नवे मासे सोडणं म्हणजे त्यांना खड्ड्यात ढकलणं. दर आठवड्याला पाणी बदलताना एकेक कोपरा विणायच्या सुईने हळूच हलवा, सगळा एका दिवशी नको. गाळ ओढताना नळी वाळूत खुपसू नका, बोटभर वर धरून गोल फिरवा. गाळ हलका असतो, तो उठतो. वाळू खाली राहते.

आणि तळाच्या माशांना उरलंसुरलं पुरतं हा समज सोडा. पोट खपाटीला गेलेली कोरी मी दुसऱ्यांच्या टँकमध्ये कितीदा पाहिली आहे. रात्री दिवा बंद केल्यावर बुडणाऱ्या गोळ्या त्यांच्यासाठी वेगळ्या टाकाव्यात.

माझ्याकडे आता आठ कुली आहेत. एका वेळी तीनच्या वर कधी दिसत नाहीत. मध्यंतरी पाच मेल्या असं धरून चाललो होतो. मग लाकूड उचललं, तर खाली आठही गुंडाळी करून बसलेल्या.