देवावर सोडण्याआधी वाटणी करा

‘झालं गेलं विसर, देवावर सोड’ असं सांगणारे ढीगभर भेटतात. नेमकं काय सोडायचं, हे कुणी सांगत नाही. मग सकाळी सोडलेलं रात्री पुन्हा उशाशी येऊन बसतं.

तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण परंपरा सांगते, की आधी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची अर्धी खतं त्यांनी त्याला दिली आणि बुडवली ती फक्त स्वतःची. क्रम हाच ठेवा.

आधी मनाला खाणाऱ्या गोष्टींची यादी करा. ‘मी वाईट आई आहे’ ही नोंद नव्हे. ‘दहावीच्या निकालादिवशी पाहुण्यांसमोर मुलाला घालून पाडून बोलले’ ही नोंद.

मग वाटणी, आणि घोडं अडतं ते इथेच. माझंही फार काळ अडलं होतं. वडिलांच्या आजारपणात ‘वेळेवर शहरात हलवलं असतं तर’ हे वाक्य मी माझ्या एकटीच्या नावावर लिहून ठेवलं होतं. प्रत्येक नोंदीपुढे दोन प्रश्न लिहा. या निर्णयात आणखी कोण कोण होतं? आणि त्या दिवशी मला काय माहीत होतं? आज काय माहीत आहे, ते इथे चालत नाही. उत्तरं लिहिली तेव्हा दिसलं, की भाऊ होता, डॉक्टर होते, आणि ‘मला गावातून हलवू नका’ म्हणणारे खुद्द वडीलही होते. त्यांची इच्छा मी माझ्या खात्यात कशी धरणार? सगळा दोष स्वतःवर घेणं दिसायला नम्र दिसतं. माझ्या मते तो अहंकारच. उलट, वाटणीच्या नावाखाली स्वतःचा हिस्सा दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. मुलाला बोललात तो हिस्सा तुमचाच, त्यात नवरा, सासू, ग्रहमान कुणी नाही.

तुमच्या हिश्श्यात जे फेडता येईल ते फेडा. पैसे असतील तर परत करा. शब्द असतील तर माफी मागा. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ ही माफी नव्हे. समोरच्यानं माफ केलंच पाहिजे असंही नाही. माणूस हयात असताना त्याचं देणं देवाच्या माथी मारून मोकळं होणं मला तरी पटत नाही.

उरलेलं देवापुढे बसून मोठ्यानं वाचा, कागद फाडा, रद्दीत टाका. नदीत नको, आळंदीला इंद्रायणीवर आधीच फेस तरंगतो.

पुढच्या काळजीलाही हीच वाटणी लावा. पुष्कळ वारकरी पेरणी उरकून पंढरीची वाट धरतात. पाऊस विठ्ठलावर सोडतात, पेरणी नाही. मुलीच्या नोकरीसाठी नवस बोलायचा तर बोला, पण तिचा अर्ज आधी जाऊ द्या.

फाडलेली नोंद पुन्हा डोकं वर काढते. तेव्हा नवी यादी करू नका. यात माझं फेडायचं काही राहिलंय का, एवढंच विचारा. राहिलं असेल तर त्याच दिवशी फोन करा, नसेल तर नाम घ्या आणि कामाला लागा. झोप-जेवण उडालं असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा सरकारी क्रमांक रात्रीही लागतो.